'लागण' गावठी? मग नेमका शब्द कोणता?

सोलापुरातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "प्रकल्पात मी 'जिवाणूंची लागण कशी होते' असं शीर्षक दिलं होतं. मार्गदर्शकांनी 'लागण' गावठी म्हणून खोडलं आणि 'जिवाणूंचे मानवी पेशींवरील आक्रमण' करून दिलं. बरोबर काय?"

लागण. खोडायचंच असेल तर 'आक्रमण' खोडा.

या आक्रमणांनी आणि हल्ल्यांनी कान किटले आहेत. बातम्यांमधले जंतू कायम हल्लाच चढवतात, आणि टायफॉईडचा जिवाणूसुद्धा तिथे बिनदिक्कत 'विषाणू' होतो. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. आक्रमण म्हटलं की चाल करून आत घुसणं आलं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जिवाणू तर आत घुसतच नाही. लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून तो बाहेरच बसतो आणि विष सोडतो, मग पेशींमधून पाणी वाहू लागतं. पंढरीच्या वाटेवर एके काळी पटकीने माणसं पटापट गेली, ती या जिवाणूने एकाही पेशीत पाऊल न टाकता.

भूक लागते, ठेच लागते, नजर लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडू. मूळ धातू लग्, म्हणजे चिकटणं. त्याचं 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, प्राकृतात 'लग्ग', मराठीत 'लागणे'. म्हणजे '१२ वाजून ३५ मिनिटांनी लग्न लागलं' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो! इथे ज्योतिषवाले हटकून आडवे येतात: विवाहाचा अर्थ मुहूर्तावरून आला, चिकटण्यावरून नव्हे. अहो, पण पत्रिकेतलं लग्न तरी काय? पूर्व क्षितिजाला लागलेली रास. फिरून चिकटण्यापाशीच आलात.

आणि चिकटणं हीच रोगाची पहिली पायरी. मूत्रमार्गात जळजळ करणाऱ्या ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाचं प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज नावाची साखर धरून ठेवतं. लघवीच्या धारेने जिवाणू वाहून जायला हवा, तर ताण पडला की ही पकड उलट घट्ट होते. जो लागला नाही, तो धुतला गेला.

पण माझा लाडका जिवाणू वेगळाच. लहान मुलांना जुलाब करणारा ई. कोलायचा एक प्रकार आहे. त्याला पेशीवर धरायला खुंटी लागते, ती तो स्वतःच घेऊन येतो. सुईसारख्या नळीतून 'टिर' नावाचं आपलं प्रथिन तो पेशीत सोडतो, ते पेशीच्या पटलात रोवलं जातं, आणि मग 'इंटिमिन' या दुसऱ्या प्रथिनाने तो त्यालाच चिकटतो. १९९७ साली हे उघड झालं. आता माळशिरस-माढ्याकडच्या कुणालाही 'लागण' म्हणजे काय ते विचारा. रोगाआधी ऊस सांगेल: आडसाली लागण, सुरू लागण, सरीत उसाची टिपरी, म्हणजे कांड्या, दाबणं. रोवणं आणि चिकटणं हे दोन्ही अर्थ एका जिवाणूत एकत्र नांदतात, आणि हा शब्द म्हणे गावठी! काही जण याला 'लागवड'चा अपभ्रंश ठरवतात. तसं काही नाही. दोघी एकाच लग् धातूच्या लेकी.

जे खरोखर आत जातात त्यांच्यासाठी साधं 'शिरणं' आहे. तिथेही मोडतोड करून घुसणं नसतं. लिस्टेरिया पेशीच्या प्रथिनाला बिलगतो आणि पेशीच त्याला हळूहळू आत ओढते. साल्मोनेला नळीतून अशी प्रथिनं सोडतो, की पेशीचं पटल उसळून त्याला गिळतं. हल्ला म्हणायचा तर दार घरातूनच उघडलेलं.

शीर्षक होतं तेच ठेवा. आत 'चिकटणे' आणि 'शिरणे' या दोन पायऱ्या वेगळ्या दाखवा. 'संसर्ग'ही चालेल, पण त्यात कोण कुठे लागलं ते कळत नाही.

लागणीचा विषय निघालाच आहे तर खोडव्याचंही सांगतो. मूत्राशयातला तो ई. कोलाय पेशींच्या आतही शिरतो. औषधाने बाहेरचे मेले तरी आत दडलेले पुन्हा फुटून वर येतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. याला परिभाषेत 'पुनरावर्तन' म्हणतात, आणि तो शब्द कोरडा वाटतो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटतो तो खोडवा. मूत्रमार्गाच्या दुखण्याचा खोडवा, असं म्हणून बघा.