पुरात गेलेलं सोयाबीन आणि जागतिक निधी

प्रश्न : नाल्याच्या पुरानं तीन एकर कोरडवाहू सोयाबीन सडलं. हवामान बदलाच्या नुकसानीसाठी जागतिक निधी झालाय म्हणतात. त्यातून आम्हाला पैसे मिळतील का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : थेट नाही. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलेला तो निधी देशांसाठी आहे, सातबारा पाहून वाटायचा नाही. तुमचा रस्ता तहसीलचाच. नुकसान ३३ टक्के किंवा अधिक हवं. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. म्हणजे तीन एकरांचे साधारण १०,३०० रुपये. बियाणं-खताचाही खर्च निघणार नाही, पण सोडू नका.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतील तेव्हा बांधावर हजर राहा. गट क्रमांक आणि क्षेत्र आकड्यांत वाचून घ्या. चूक इथंच होते. कोंब फुटलेल्या शेंगांचे फोटो बांधासकट काढा. माती खरडून गेली असेल तर ती वेगळी लिहायला लावा, तिचा दर निराळा आहे.

यादीत नाव येऊनही पैसे अडकले, तर आधी बँक खात्याला आधार जोडलंय का ते पाहा. सातबारा भावांच्या सामाईक नावावर असेल, तर त्यांचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा.