शेतकऱ्यांचे प्रश्न: मुळांभोवतीची बुरशी आणि जिवाणू

प्रश्न (निपाणी): सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळावरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) चोळलं होतं. दीड महिन्यानं चार रोपं उपटून पाहिली, तर गाठी फारच थोड्या. पानंही पिवळी पडलीत. पाकीट बोगस निघालं का?

उत्तर: पाकिटाला दोष देण्याआधी रोप काढायची पद्धत बदला. ओढून उपटलं की बऱ्याच गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्यानं वीतभर खोल खणून गड्ड्यासकट रोप काढा, बादलीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मग मोठ्या चार-पाच गाठी ब्लेडनं कापा. आतून लालसर गुलाबी दिसली की गाठ कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं, कारण हवेतलं नत्र बांधणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजननं बिघडतं. पांढरी गाठ कोवळी तरी असते किंवा निकामी. हिरवट असेल तर तिचं काम संपलेलं. मुळावर फोडासारखी सूज असेल आणि ती नखानं सुटी होत नसेल, तर ती रायझोबियमची गाठ नव्हे, सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीची आहे.

पानंही नीट पाहा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी. चुनखडीच्या काळ्या रानात हे हमखास दिसतं आणि त्याचा रायझोबियमशी संबंध नाही.

गाठीच कमी असतील तर कारणं बहुधा चारच. पाकीट दुसऱ्या पिकाचं होतं; हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनच्या मुळात शिरत नाहीत. बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र चोळले. चोळलेलं बियाणं उन्हात पडून राहिलं. किंवा युरिया जास्त झाला. आयतं नत्र मिळालं की रोप जिवाणूंना साखर पुरवणं कमी करतं, आणि गाठी धरतच नाहीत. रानात पाणी साचलं तरी गाठी गुदमरतात.

पुढच्या हंगामासाठी प्रमाण लिहून ठेवा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, म्हणजे एकरी तीस किलो पेरणार असाल तर तीन. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात, इथे घाई करू नका. बी नुसतं ओलसर होईल एवढंच गूळपाणी घ्या, सगळं ओतू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं. जास्त भिजलं की सुटतं आणि मग उगवण जाते. गोणपाटावर हलक्या हातानं चोळा, अर्धा तास सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी लावून सुकू द्या, रायझोबियम अगदी शेवटी आणि दुप्पट. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून असो वा दुकानातून, पाकिटावरचं पीक आणि मुदत वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न (येळ्ळूर): भाताची सुगी झाली की त्याच ओलीवर आम्ही मसूर, वाटाणा टाकतो. पहिला महिनाभर पीक हलत नाही. डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) वाढवूनही फरक नाही.

उत्तर: डीएपी वाढवणं हेच इथे उलट पडतंय. बहुतेक पिकांच्या मुळांत मायकोरायझा नावाची बुरशी राहते. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जवळजवळ हलत नाही. मूळ स्वतःच्या एक-दोन मिलिमीटर भोवतीचं स्फुरद संपवतं आणि थांबतं. या बुरशीचे केसाहून बारीक धागे कित्येक सेंटिमीटर पुढे जाऊन ते आणतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. पण तिला हवा लागते. भाताच्या चिखलात तीन-चार महिने पाणी उभं राहिलं की ती घटते. शिवाय पाण्याखाली सुटं झालेलं स्फुरद रान वाळताना पुन्हा लोहाला घट्ट चिकटतं. मसुराला असा दुहेरी मार बसतो. त्यात भरपूर डीएपी फेकला की रोपच बुरशीला जवळ करत नाही.

खत फेकू नका. नेहमीचीच मात्रा बियाण्याच्या बाजूला, पाचेक सेंटिमीटर खाली पडेल अशी पेरा. बियाण्याला रायझोबियमसोबत स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळा. मसूर आणि वाटाणा दोन्हींना एकाच जातीचं रायझोबियम चालतं. मायकोरायझाचं दाणेदार खत आणलंत तर ते बियाण्याच्या ओळीतच पडायला हवं. वर शिंपडून मुळाशी भेट होत नाही. बांधावरचं गवत जाळू नका, त्याच्या मुळांत ही बुरशी जिवंत राहते. कोबी, फ्लॉवर, मुळा यांच्या मुळांत ती वस्तीच करत नाही, म्हणून कोबीनंतरच्या पिकालाही असाच त्रास होऊ शकतो.

प्रश्न (बेळगाव): मायकोरायझा बॅरलमध्ये गूळपाण्यात वाढवता येईल का?

उत्तर: नाही. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. ट्रायकोडर्मा नावाची बुरशी कुजलेल्या शेणखतावर वाढते, ती वेगळी. मायकोरायझा घरी वाढवायची तर निर्जंतुक वाळू-मातीच्या कुंडीत तिचं विरजण टाकून मका किंवा जोंधळा लावा. तीन महिन्यांनी पाणी तोडा, रोप वाळू द्या. मग मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळा आणि ती माती वापरा.

प्रश्न (खानापूर): पावसाळ्यात वारुळावर अळंबी दरवर्षी त्याच जागी का येते? ती लावता येते का?

उत्तर: ती वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड आणून वारुळात पोळ्यासारखी रचना करते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला कठीण भाग बुरशी मऊ करते, मग वाळवीला तो पचतो. पाऊस झाला की बुरशी त्या पोळ्यापासून लांब देठ वर ढकलते, म्हणून जागा तीच. वाळवीविना ही अळंबी लावून पीक घेता येत नाही. काढताना देठ जमिनीलगत कापा, वारूळ खणू नका, पूर्ण उमललेल्या काही छत्र्या तिथेच राहू द्या. आणि चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला नाही म्हणून अळंबी खाण्याजोगी, ही समजूत खोटी आहे. जाणत्या माणसानं हातात घेऊन ओळखलेली नसेल ती शिजवूच नका.