वाऱ्याची वीणा लावताना

बाळा, वाऱ्याची वीणा म्हणजे खोक्यावर ताणलेल्या तारा, वाऱ्यानंच वाजणाऱ्या. बेळगावजवळच्या राजहंसगडावर वारा भणाणतो म्हणून ती घेऊन थेट तिथं जाऊ नकोस. आधी घरच्या गच्चीवर ठेवून बघ. सगळ्या तारा एकाच सुरात, जाडी मात्र वेगवेगळी. तारेमागं वाऱ्याचे भोवरे आळीपाळीनं सुटतात: वारा सेकंदाला ५ मीटर आणि तार अर्ध्या मिलिमीटरची असली, तर सेकंदाला सुमारे २००० कंपनं. म्हणून तार मूळ सूर सोडून वरच्या स्वरांत गाते. क्रोएशियात झादरला तर २००५ पासून समुद्राच्या लाटा काठावरच्या ३५ नळ्या वाजवतात. बेळगावात समुद्र कुठला? पण आषाढातला पाऊस आहेच. माझं पहिलं खोकं प्लायवूडचं, पावसात फुगून मुकं झालं. आणि हो, शेजाऱ्यांना आधी विचार. रात्री तारा सैल कर.