नाव मुलीचं, नंबर बाबांचा

प्रश्न : मी भांडुपला राहतो, सरकारी कार्यालयात अधीक्षक आहे. मुलगी २०२५ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, ६३ टक्के. मी स्वतः तिचा चार पानी सीव्ही तयार करून शंभराहून जास्त कंपन्यांना पाठवला. दोनच फोन आले. एक तळोज्याच्या औषध कंपनीचा होता, लांब पडेल म्हणून मी नको सांगितलं. दुसऱ्यांना मी पगार विचारला, त्यांनी सांगितला नाही आणि पुन्हा फोनही केला नाही. सायबर कॅफेवाले म्हणतात, सीव्ही नको, रेझ्युमे पाठवा. आमच्या साहेबांचं मत, उच्चशिक्षितांनी सीव्हीच द्यावा, रेझ्युमे हलका दिसतो. नेमकं काय पाठवावं? मुलगी गंभीर नाही. विचारलं तर म्हणते, 'बाबा, तुम्हीच पाठवा.' कॉलेजात असताना दोन वर्षं मामाच्या मेडिकलमध्ये बसायची, पण ते सीव्हीत घातलेलं नाही, शोभत नाही. सीव्ही सोबत जोडला आहे.

उत्तर : नमस्कार. सीव्ही की रेझ्युमे, ते सांगतोच. पण तुम्ही जोडलेला कागद उघडला आणि माझी नजर पहिल्याच ओळीवर अडली. मुलीच्या नावाखाली जो मोबाइल नंबर आहे, तोच तुम्ही मला पत्राखाली स्वतःचा म्हणून दिलाय. खालचा ईमेलही तुमचाच. चार पानं पालथी घातली, पण जिला नोकरी हवी आहे तिच्यापर्यंत पोहोचायची एकही वाट त्यात सापडली नाही.

आता त्या दोन फोनांबद्दल. एचआरमधली एखादी मुलगी सकाळपासून यादी घेऊन फोन लावत असते. पलीकडून पुरुषाचा आवाज येतो, 'मी तिचा वडील बोलतोय, मला सांगा.' मग विचारणा होते, पगार किती, ऑफिस कुठे, रात्रपाळी आहे का. ती नम्रपणे 'कळवते सर' म्हणते आणि नावापुढे काट मारते. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. उद्या बॅचचा निकाल चुकला तर जाब विचारायला फोन कोणाला करायचा, हा प्रश्न तिला पडणारच. शंभर कागद गेले आणि दोनच फोन आले, असं तुम्ही लिहिता. स्पष्ट बोलतो, राग मानू नका : ते दोन्ही तुम्ही घालवलेत. त्यातला एक तर सरळ चालून आलेला होता.

आणि तळोजा काही चंद्रावर नाही. ठाण्याहून ट्रान्सहार्बर आहे, बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते, बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या बसगाड्या असतात. प्रवास दमवणारा आहे, मान्य. पण दमायचं की नाही हे कोणी ठरवायचं? तिला तो फोन आला होता हे तरी तुम्ही सांगितलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

'मुलगी गंभीर नाही' या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. 'तुम्हीच पाठवा' असं ज्या घरात मूल म्हणतं, तिथे बहुतेकदा त्याने आधी एकदोनदा स्वतः करून पाहिलेलं असतं आणि त्यात कुणीतरी लाल पेनाने दुरुस्त्या केलेल्या असतात. तुमच्या घरी असंच झालं असेल असा माझा दावा नाही. अधीक्षक माणसाला मसुदा दुरुस्त केल्याशिवाय पुढे सरकवता येत नाही, एवढं मात्र मला ठाऊक आहे. माझे वडीलही कार्यालयातलेच. माझा पहिला बायोडेटा त्यांनी फोर्टात कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून करून आणला होता, कार्बन लावून पाच प्रती. मुलाखतीत साहेबांनी त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला आणि मला तो सांगता आला नाही. ओळ माझी नव्हतीच.

तुम्ही केलेल्या कागदाचीही गत तीच आहे. पहिल्या पानावर वडिलांचं नाव, वडिलांचा हुद्दा, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि उंची पाच फूट तीन इंच. हा लग्नाचा बायोडेटा झाला, फक्त रास आणि नाडी राहिली. वर आधार क्रमांक. तो शंभर अनोळखी ठिकाणी गेला आहे. यापुढे एकाही अर्जावर आपणहून टाकू नका. दुसऱ्या पानावर दहावीच्या प्रत्येक विषयाचे गुण. तिसऱ्या पानावर तिचं एम.एस्सी.चं संशोधन, आणि ते असं : 'प्रोजेक्ट : पूर्ण.' संपलं. चौथ्यावर 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण, दिनांक आणि सही. सही कोणाची, ते मी विचारत नाही.

प्रोजेक्ट पूर्ण म्हणजे काय? कोणता रेणू बनवला, किती पायऱ्यांत, शेवटी हाती किती टक्के आलं, शुद्धता टीएलसीच्या साध्या पट्टीवर पाहिली की एचपीएलसी यंत्रावर, रेणूची रचना दाखवणारा एनएमआरचा आलेख तिने स्वतः वाचला की सरांनी सांगितला? औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात हेच विचारतात. हे तुम्हाला लिहिता येणार नाही. त्यात तुमचा दोष नाही, प्रयोगशाळेत ती उभी होती.

आणि मेडिकलचं दुकान शोभत नाही? साहेब, औषधाच्या कंपनीत अर्ज करताय ना! बॅच नंबर बघायचा, मुदत संपत आलेला माल पुढे काढायचा, थंड ठेवायची औषधं वेगळी, परत गेलेल्या मालाची नोंद वेगळी, हे जिने दोन वर्षं गल्ल्यापलीकडे उभं राहून केलंय, तिला औषधाची पेटी कारखान्याबाहेर पडल्यावर कुठे जाते ते कळतं. तिच्या वर्गातल्या किती जणींकडे हे असेल? तुम्ही नेमकं तेच झाकून ठेवलंत.

आता तुमच्या साहेबांचा समज. सीव्ही भारदस्त आणि रेझ्युमे हलका, असं काही नसतं. 'करिक्युलम व्हिटाय' हे लॅटिन, अर्थ आयुष्याची वाटचाल. 'रेझ्युमे' फ्रेंच, अर्थ सारांश. अमेरिकेत हा फरक खरोखर पाळतात : प्राध्यापक, संशोधक सीव्ही देतात, शोधनिबंधांच्या यादीसकट, तो कितीही पानांचा होतो, बाकीचे नोकरीला एकदोन पानी रेझ्युमे देतात. ब्रिटनमध्ये मात्र त्याच दोन पानांना सीव्ही म्हणतात, मग अर्ज दुकानातल्या कामाचा असो की बँकेतल्या. आपण दोन्हीकडचे शब्द उचलले, घरचा 'बायोडेटा' होताच, आणि सगळ्यांची मिसळ केली. त्यामुळे मुंबईतली एचआरवाली व्हॉट्सअॅपवर 'सीव्ही पाठवा' म्हणते तेव्हा तिला तुमची चार पानं नको असतात. ती एकदोन पानांचा सारांशच मागत असते. शब्दावर जाऊ नका, मागणारा कोण आहे ते बघा.

तुमच्या मुलीसाठी याचा अर्थ सरळ आहे. क्यूसी, उत्पादन, कंपनीचा आर अँड डी, या सगळ्यांना एक पान. नाव, तिचा नंबर, तिचा ईमेल, पदवी, हाताळलेली उपकरणं, प्रोजेक्ट तीनचार ओळींत, मेडिकलचं काम दोन ओळींत. फोटो, जात, उंची, प्रतिज्ञा, छंद, सगळं बाहेर. तुम्ही काढलेली निळी चौकट आणि आतले रकानेही काढा. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि रकान्यांतला मजकूर त्यात कधीकधी असा विस्कटतो की पदवी एकीकडे आणि वर्ष भलतीकडे जातं. 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा' हे वाक्यही काढा, ते मी आजवर इतक्या वेळा वाचलंय की डोळे आपोआप खाली सरकतात.

पण ती आयआयटी पवईत, माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंटची जागा बघणार असेल, किंवा पीएच.डी.साठी एखाद्या प्राध्यापकांना लिहिणार असेल, तर तिथे सीव्हीच हवा, आणि दोनतीन पानं झाली तरी बिघडत नाही. प्रोजेक्टचं पूर्ण शीर्षक, मार्गदर्शकांचं नाव, वापरलेल्या पद्धती, कुठे पोस्टर लावलं असेल तर ते, आणि ओळख देऊ शकतील अशा दोन शिक्षकांची नावं. ती नावं त्यांना आधी विचारून, न विचारता नव्हे. सीएसआयआर नेट, गेट, एमपीएससी या परीक्षांना यातलं काहीच लागत नाही, तिथे अर्ज ऑनलाइन भरायचा; तो रस्ता तुम्हाला माहीत असणारच.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक सांगतो : घरी एक लांबलचक कागद ठेवायचा, त्यात सगळं लिहीत जायचं, आणि प्रत्येक अर्जाला त्यातून लागेल तेवढंच कापून द्यायचं. शंभर जणांना एकच कागद पाठवला की तो कोणालाच आपल्यासाठी लिहिल्यासारखा वाटत नाही. आठवड्याला पाच अर्ज, पण जाहिरात नीट वाचून. हे तिने करायचंय. पहिल्या मसुद्यात चुका होतील. स्पेलिंग चुकलं तर कॉलेजातल्या एखाद्या मैत्रिणीला दाखवू दे, तुम्हाला नको.

तळोज्याच्या कंपनीचा नंबर अजून तुमच्या फोनमध्ये असेल. तो मुलीला द्या, आणि तो फोन आला होता हेही सांगा. जागा भरली गेली असेल, नसेलही. ती फोन लावेल तेव्हा शेजारच्या खोलीत बसू नका. खाली सोसायटीत चक्कर मारून या.