झोन ‘ए’, आई-बाबा आणि फ्रीजरमधला नारळ

प्रश्न: फ्लोरिडात टॅम्पाजवळ भाड्याच्या घरात राहतो. दोन लहान मुलं, आणि भारतातून आलेले आई-बाबा. बाबांना इन्सुलिन लागतं. वादळाला नाव मिळालं की मंडळाच्या ग्रुपवर तासातासाला नकाशे येतात. कोणी म्हणतं, ‘कॅटेगरी वन तर आहे, काही होत नाही’, तर कोणी तोवर ऑर्लँडोच्या वाटेला लागलेलं असतं. ऐन गणपतीत निघायची वेळ आली तर काय करावं?

उत्तर: ग्रुप तासभर म्यूट करा आणि काउंटीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून आपला इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायच्या आदेशासाठी ठरवलेला विभाग, बघा. ए ते ई यांपैकी एक अक्षर येईल, किंवा तुम्ही झोनबाहेर आहात असं कळेल. ते अक्षर कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. विम्याच्या कागदांवर ‘एक्स’ किंवा ‘एई’ असं जे असतं तो फेमा या अमेरिकेच्या आपत्ती-संस्थेचा फ्लड झोन. त्याचा संबंध विम्याशी. या दोहोंची गल्लत नेहमी होते. फ्लड झोन एक्स असलेलं घर इव्हॅक्युएशनच्या ‘बी’मध्ये असू शकतं, आणि निघायचा आदेश त्या ‘बी’वरून निघतो.

कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पाणी किती येईल हे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचं केंद्र टॅम्पापासून शंभर मैलांहून दूर समुद्रातून वर सरकलं, तरी टॅम्पा बे या खाडीच्या काठावरच्या घरांत विक्रमी पाणी शिरलं. वादळ समुद्राचं पाणी रेटत किनाऱ्यावर आणतं, तोच स्टॉर्म सर्ज. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ टॅम्पाच्या दक्षिणेला ‘सिएस्टा की’ या बेटावर धडकलं, तेव्हा टॅम्पा बेमधलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. पण सेंट पीटर्सबर्गमध्ये एका दिवसात १८ इंचांहून जास्त पाऊस पडला आणि कुठल्याच झोनमध्ये नसलेली घरंही तुंबली. ‘कॅटेगरी वन’ म्हणून हसणाऱ्यांनी ह्यूस्टनकडे बघावं. जुलै २०२४ मधलं बेरिल कॅटेगरी वनच होतं. त्यात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, अनेकांची कित्येक दिवस, तीही ऐन उकाड्यात.

नकाशावरचा तो पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठून जाईल त्याचा तो अंदाज, आणि साधारण तीनातून एकदा केंद्र शंकूच्या बाहेरही जातं. २०२२ मध्ये इअनचा रोख आधी टॅम्पाकडे वाटत होता. ते दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर धडकलं आणि फोर्ट मायर्स बीच उद्ध्वस्त झाला.

आई-बाबांना हे समजावणं कदाचित सगळ्यांत अवघड. ज्यांनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर उडालेले पत्रे आणि आडव्या पडलेल्या सुपारीच्या बागा असतात. पक्कं घर आहे, दार लावून बसू, असं त्यांना वाटणारच. फ्लोरिडातले आपत्ती-अधिकारी सांगतात: वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. तुमचं अक्षर जाहीर झालं तर निघा. नाही झालं, घर भक्कम आहे आणि आजूबाजूला पाणी तुंबत नाही, तर बहुधा घरीच थांबणं बरं. मोबाइल होममध्ये (तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहणाऱ्यांनी मात्र झोन न बघता निघावं.

जोरदार वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधी हरिकेन वॉच (वादळ येऊ शकतं अशी सूचना) लागतो आणि ३६ तास आधी वॉर्निंग (ते येणार असा इशारा). म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर वॉचलाच बॅगा गाडीत हव्यात. ताशी ४० मैलांच्या आसपास वारा गेला की सनशाइन स्कायवेसारखे पूल बंद होतात. शेकडो मैल पळायची गरज नसते: झोनबाहेरच्या, जरा आतल्या भागातल्या मित्राचं घर पुरतं. मिल्टनच्या वेळी अटलांटा गाठायला निघालेले महामार्गावर अडकले आणि वाटेतल्या पंपांवर पेट्रोल संपलेलं होतं. वादळांच्या मोसमभर, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता इन्सुलिन. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन फ्रीजबाहेर, ३० अंश सेल्सिअसच्या आत, साधारण २८ दिवस टिकतं. भारतातून आणलेल्या कुपीसोबतचं माहितीपत्रक मात्र वाचा. अडचण अशी की वीज गेलेलं फ्लोरिडातलं घर सप्टेंबरमध्ये तिशीच्या वर सहज जातं. माठात ठेवायची किंवा ओलं फडकं गुंडाळायची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चालते. इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? कूलर बॉक्स, त्यात बर्फाच्या पिशव्या, त्यावर टॉवेलची जाड घडी आणि वर इन्सुलिन. कुपी बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथली फार्मसी औषध देत नाही, त्यामुळे आई-बाबांकडे दोन आठवड्यांची जास्तीची औषधं हवीत.

बंद फ्रीज चार तास गार राहतो. खच्चून भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या पिशव्या गोठवा. एका वाटीत बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजा. अशा वेळी खवलेला नारळ, खवा, मोदकाचं सारण वास घेऊन बघत बसू नका, टाका.

पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, सात दिवसांचं. तुम्ही सहा जण, म्हणजे ४२ गॅलन, जवळजवळ १६० लिटर. पातेली, कळशी, कुकर, सगळं भरा. बाथटबमधलं पाणी फक्त फ्लशसाठी. बॉइल वॉटर नोटीस आली तर पाणी खळखळून एक मिनिट उकळा. साध्या फिल्टरच्या जगने भागत नाही. जेवणाचं म्हणाल तर दडपे पोहे, कुरमुरे, शेंगदाण्याची चटणी, चिक्की यांना शेगडीच लागत नाही. गॅसची छोटी शेगडी पेटवायचीच झाली तर घराबाहेर. जनरेटर घरापासून किमान २० फुटांवर, धूर घराकडे येणार नाही असा. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी गॅरेजमध्ये नाहीच. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गणपतीचं काय? आदेश आला तर उत्तरपूजा करून आधी विसर्जन करा. दीड दिवसाचा गणपती घरोघरी असतोच, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. शाडूची मूर्ती बादलीत विरघळायला वेळ लागतो, म्हणून बादली उंचावर ठेवून निघा. समई तेवत ठेवून घर सोडू नका. मंडळाचा कार्यक्रम सरकारी शाळेच्या सभागृहात असेल तर तो होणार नाही असंच धरून चाला, कारण त्या शाळांमध्येच निवारे उघडतात. हॉल आणि केटररच्या करारात वादळामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याचं कलम आधीच घालून घ्या.

पासपोर्ट, आय-७९७ (इमिग्रेशन अर्जाच्या मंजुरीचं पत्र), आय-९४ (देशात आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) यांच्या छापील प्रती आणि ओसीआय कार्ड झिपच्या पिशवीत, हातातल्या बॅगेत. आई-बाबांचं विमान रद्द झालं आणि आय-९४ वरची तारीख जवळ असेल, तर मुदतवाढीचा आय-५३९ हा अर्ज त्या तारखेच्या आत गेला पाहिजे.

रेंटर्स इन्शुरन्समध्ये (भाडेकरूच्या विम्यात) पुराचं नुकसान धरत नाहीत. सरकारी फ्लड पॉलिसी भाडेकरूलाही मिळते, सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत. पण ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणून ऑगस्टच्या शेवटी धावाधाव करून उपयोग नाही. स्वतःचं घर असलेल्यांनी हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे मिळण्याआधी आपण सोसायचा हिस्सा, बघावं: चार लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर खिशातून. निघण्याआधी प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा. परत आल्यावर पाणी शिरलेलं दिसलं तर काही फेकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो घ्या, आणि भिजलेल्या गालिच्याचा हातभर तुकडा कापून ठेवा. अ‍ॅडजस्टरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या विम्याच्या माणसाला, पुरावा म्हणून तो दाखवावा लागतो.