तुमचे प्रश्न : पावसातलं जड पाणी, हवेतला जुना कार्बन

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर १० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याखाली ५ लिटरचा कॅन ठेवून महिन्या-महिन्याचं पावसाचं पाणी साठवलं. जूनच्या नमुन्यात ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) चं डेल्टा मूल्य शून्य आणि ड्युटेरियमचं (जड हायड्रोजन) +४ आलं. जुलैत तर कॅन भरून वाहिला. हे आकडे वापरता येतील? (मुलुंड)

उत्तर : जूनच्या आकड्यांवर आम्ही विसंबणार नाही. भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की जगभरच्या पावसाचं ड्युटेरियम साधारणपणे ऑक्सिजन-१८ च्या आठपट अधिक १० असतं. हे सगळे आकडे म्हणजे डेल्टा मूल्यं : पाण्यात जड अणूंचं प्रमाण सरासरी समुद्रजलापेक्षा दर हजारी किती जास्त किंवा कमी, ते. तुमच्या हिशेबाने १० यायला हवे होते, आले ४. पाणी सुकताना हलके रेणू आधी उडतात आणि मागे उरलेलं पाणी जड होतं. पण त्या वाटेवर ऑक्सिजन-१८ एकने वाढलं, तर ड्युटेरियम आठाऐवजी चार-सहानेच वाढतं, म्हणून वरचे ‘अधिक १०’ घटतात.

हे सुकणं कॅनमध्ये झालं, की जूनच्या तुरळक सरींचे थेंब खाली येतानाच सुकले? तपासणं सोपं आहे. मूल्यं माहीत असलेलं अर्धा लिटर पाणी त्याच कॅनमध्ये, त्याच जागी, पावसापासून आडोसा करून महिनाभर ठेवा. आधी आणि नंतर वजन करा, मूल्यंही मोजून घ्या. वजन घटलं तर दोष कॅनचा.

नरसाळ्याची नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, म्हणजे पाण्याचा उघडा पृष्ठभाग नळीच्या तोंडाएवढाच राहतो. आतली हवा बाहेर पडायला सुमारे १५ मीटर लांबीची बारीक नळी गुंडाळून बसवा. तिच्यातून दाब समान होतो, वाफ मात्र फारशी निसटत नाही. पाण्यावर पॅराफिन तेलाचा थर देण्याची जुनी पद्धतही चालते, पण मूल्यं मोजणाऱ्या लेझर उपकरणात तेल गेलं तर ते खराब होतं. प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय तेल घालू नका.

जुलैचा प्रश्न आकारमानाचा आहे. तुमच्या नरसाळ्यात १ मिलिमीटर पावसाचं जवळपास ८ मिलिलिटर पाणी जमतं, म्हणजे ६४० मिलिमीटरला कॅन भरला. सांताक्रूझला जुलैत ८०० च्या वर पाऊस नेहमीचाच. २६ जुलै २००५ ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला, म्हणजे याच नरसाळ्यातून ७.४ लिटर. कॅन दर आठवड्याला रिकामा करा, अतिवृष्टीत रोज. प्रत्येक वेळी आकारमान लिहा आणि महिन्याची सरासरी काढताना प्रत्येक मूल्याला त्या आकारमानाच्या प्रमाणात महत्त्व द्या. साधी सरासरी काढलीत तर ५ मिलिमीटरची भुरभुर २०० मिलिमीटरच्या मुसळधारेइतकी मोजली जाईल, आणि उष्ण प्रदेशात मुसळधार पावसात जड अणू बहुधा कमी असतात. नमुना ५० मिलिलिटरच्या जाड प्लास्टिक बाटलीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, काठोकाठ भरा.

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड पेट्रोलचा की झाडांचा, हे कार्बन-१३ वरून कळतं ना? (चेंबूर)

उत्तर : एकट्या कार्बन-१३ वरून, म्हणजे कार्बनच्या जड, स्थिर प्रकारावरून, नाही. पेट्रोलही प्राचीन सजीवांपासूनच बनलेलं. त्याचं कार्बन-१३ चं डेल्टा मूल्य दर हजारी उणे २८ च्या आसपास (इथे तुलना समुद्रजलाशी नाही, कार्बनच्या वेगळ्या प्रमाणाशी), भात आणि बहुतेक झाडांचंही तिथेच. ज्वारी, मका, ऊस मात्र उणे १२ च्या जवळ. निवाडा किरणोत्सारी कार्बन-१४ करतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे खनिज इंधनात तो उरलेलाच नसतो. अशा इंधनाचा दर दशलक्षात १ भाग हवेत मिसळला, की कार्बन-१४ चं मूल्य दर हजारी सुमारे २.५ ने उतरतं.

तुलनेला स्वच्छ हवा लागते. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा किनाऱ्यावरच पकडा. अणुभट्टीकडून येणारा वारा टाळा. तिथून निघणारा थोडा कार्बन-१४ ही घट झाकतो. हवेच्या नमुन्याचा फ्लास्क (काचेचा चंबू) भरताना श्वास रोखा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. १ लिटरच्या फ्लास्कमध्ये तो १ मिलिलिटर गेला तरी दशलक्षात ४० भागांची चूक होते.

प्रश्न : पावसाऐवजी नळाचं पाणी मोजलं तर? (दादर)

उत्तर : ते भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं मिश्रण, तेही ऑक्टोबरपासून उन्हात सुकत आलेलं. पाऊस त्यातून कळणार नाही. पण २० लिटर पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पिंपात भरून, एकदा प्रमाणित (मूल्यं पक्की ठरलेल्या) पाण्याशी जुळवून घेतलंत, तर दर खेपेला उपकरण तपासायला वर्षभर पुरेल.