गोव्यातल्या खाणींसाठी नेत्यांना हेगच्या कोर्टात खेचता येईल का?

तुमचा प्रश्न असा की खाणींनी गोव्यातले डोंगर, व्हाळ, शेतं खाल्ली; ज्यांच्या सहीने हे झालं त्या मंत्र्यांवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरता येईल का?

आज तरी नाही. मी डिचोलीत वकिली करतो, हाच प्रश्न घेऊन लोक ऑफिसातही येतात.

हेगमधल्या दोन कोर्टांची सगळे गल्लत करतात. एक आंतरराष्ट्रीय न्यायालय (आयसीजे): त्यात देश विरुद्ध देश असे दावे चालतात, तिथे माणूस आरोपी होतच नाही. हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, यावर जुलै २०२५ मध्ये मत दिलं ते याच कोर्टाने. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी), १९९८ च्या रोम करारातून आलेलं. तिथे राष्ट्रप्रमुखपदाची ढाल चालत नाही. पण गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. पर्यावरणाच्या हानीचा थेट उल्लेख फक्त युद्धगुन्ह्यांत. सैन्याने जंगल उद्ध्वस्त केलं तर गुन्हा होऊ शकतो. शांततेत, सहीशिक्क्यानिशी डोंगर पोखरला तर नाही. त्यात भारत या कराराचा सदस्यच नाही.

ब्राझील सदस्य आहे. तरीही २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलतोडीबद्दल तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्याविरुद्ध तिथे तक्रार गेली, तेव्हा ती मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून मांडावी लागली. दुसरं कलमच नाही! ते आणायला व्हानुआटू, फिजी आणि सामोआ यांनी २०२४ मध्ये 'इकोसाइड', म्हणजे निसर्गाचा संहार, हा पाचवा गुन्हा रीतसर सुचवला. उद्या तो मंजूर झाला तरी मानणाऱ्या देशांनाच लागू, तेव्हा आपण बाहेरच.

मग हे वाचायचं कशाला? तर २०२१ मध्ये कायदेतज्ज्ञांनी केलेल्या इकोसाइडच्या व्याख्येसाठी. नुसती नासाडी झाली म्हणून गुन्हा होत नाही. गंभीर हानीची दाट शक्यता आहे हे करणाऱ्याला माहीत होतं, हे दाखवावं लागतं. 'मला कल्पना नव्हती' हा नेत्यांचा ठरलेला बचाव, आणि तो गावातूनच मोडता येतो.

गोव्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की नोव्हेंबर २००७ नंतरचं खाणकाम बेकायदा होतं. सरकारने नंतर नूतनीकरण केलेल्या खाणींच्या ८८ लीजही त्याच कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केल्या. लीज गेल्या, पण सही करणाऱ्याचं व्यक्तिशः काय, हे तिथे ठरलं नाही. आणि देशातला कायदा तर उलट्या दिशेने निघालाय: पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. खाणवाल्यांचा एका दिवसाचा डिझेलचा खर्च निघेल का त्यातून, मला शंकाच आहे.

म्हणून माझं सगळं लक्ष खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधीच्या जनसुनावणीवर असतं. मांडवात लोक तावातावाने बोलतात: पहिल्या मोठ्या पावसात डंपावरची (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची) लाल माती शेतात उतरते, ऊन पडलं की तिचा पापुद्रा धरतो आणि खालचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, गुदमरतो. बोलतात आणि घरी जातात. तुम्ही तेच सर्व्हे नंबर, तारीख आणि फोटोसह लेखी द्या. सुनावणीच्या नोटिशीत किमान ३० दिवस मिळतात, तेवढ्यात हे होतं. प्रत प्रदूषण मंडळाला, कलेक्टरला आणि खाणमंत्र्यांच्या कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. कारकून 'शिक्का उद्या' म्हणाला तर तिथेच बसा. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, त्यात तुमचा मुद्दा नसेल तर उठून सांगा. ते मंजुरी देणाऱ्यांपुढे जातं. त्यानंतर सही झाली, तर ती कळून-सवरून झाली हे कागदच सांगतो. आज त्याचा उपयोग हायकोर्टाच्या पर्वरीतल्या खंडपीठापुढे होतो. तिथलं काम मी पाहतो, हेगचं नाही.